शेवटच्या जोडीतले साडू

क्रिकेटच्या नियमांच्या पुस्तकात बेचाळीस नियम आहेत. बॅट किती रुंद असावी, चेंडू हरवला असं कधी म्हणायचं, मैदानात एखादं जनावर शिरलं तर काय करायचं, सगळं त्यात आहे. पण खेळपट्टीवरच्या दोन फलंदाजांचा एकमेकांशी अबोला असेल तर पंचाने काय करावं, याबद्दल अक्षर नाही. त्यामुळे त्या दिवशी मी जे काही केलं ते माझ्या अकलेने केलं, आणि अक्कल म्हणाल तर बारा वर्षं शाळेत भूगोल शिकवून जेवढी उरते तेवढीच.

कसोटीचा पाचवा दिवस होता. चहापान होऊन बराच वेळ झाला होता. पाहुण्या संघाला जिंकायचं नव्हतंच, जिंकायला दोनशेच्या वर धावा हव्या होत्या. त्यांना फक्त संध्याकाळपर्यंत तग धरायचा होता. खेळपट्टी तर पार कामातून गेलेली. भेगांमध्ये नाणं उभं राहिलं असतं, आणि गोलंदाजांच्या बुटांनी उकरलेला खड्डा एवढा होता की त्यात एखाद्या मांजरीने निवांत संसार थाटावा. चेंडू त्या खड्ड्यात पडला की पुढे काय करेल हे टाकणाऱ्यालाही ठाऊक नसायचं.

अशा जागी पाहुण्यांचा सलामीवीर सकाळपासून उभा होता. वय सदतीस. संघात त्याला कुलूप म्हणत, कारण एकदा लागला की लागला. धावा किती केल्यास विचारलं तर तोही फलकाकडे बघून सांगायचा. त्याच्या समोरून एकेक जण आला आणि गेला. नववी विकेट षटकाच्या शेवटच्या चेंडूवर पडली, तेव्हा एकोणीस षटकं शिल्लक होती. म्हणजे एकशे चौदा चेंडू. आणि आता अकराव्या क्रमांकाचा फलंदाज यायचा होता.

त्याला सगळे भिरभिरं म्हणत. तो फिरकी टाकायचा, चांगली टाकायचा. वांधा असा होता की बॅटही तो तशीच गरगर फिरवायचा. एकतीस डावांत वीस चेंडूंच्या वर तो कधी टिकला नव्हता. पॅड बांधत बांधतच तो जिन्यावरून उतरला, आणि यजमानांच्या क्षेत्ररक्षकांचे चेहरे असे खुलले की जणू पाटावर बसवून कुणी वाढायला घेतलंय.

कुलूप आणि भिरभिरं हे सख्खे साडू. थोरली बहीण कुलपाची बायको, धाकटी भिरभिऱ्याची. आणि गेली दोन वर्षं या दोन साडवांचा एकमेकांशी अबोला होता. एका संघात खेळायचे, एका बसने जायचे, एका सासऱ्याच्या घरी जायचे, पण वेगवेगळ्या रविवारी. का, ते कुणालाच नीट माहीत नव्हतं. आजवर दोघं एकत्र फलंदाजीला कधी आले नव्हते, कारण भिरभिरं येईपर्यंत कुलूप बाद झालेलं असायचं.

नवं षटक माझ्या टोकाकडून सुरू व्हायचं होतं. कुलूप समोर खेळायला, भिरभिरं माझ्या शेजारी. मी खिशातली सहा बटणं चाचपली. चेंडू मोजायला मी जुनी बटणं वापरतो, एका खिशातून दुसऱ्या खिशात.

"नमस्कार पंचसाहेब," भिरभिरं म्हणालं. "एक काम होतं. त्यांना जरा सांगा, शेवटच्या चेंडूवर धाव घ्यायची असेल तर आधी कळवा म्हणावं."

"कुणाला सांगू?"

"त्यांना." त्याने बॅटने समोर दाखवलं, नजर मात्र आकाशात.

"ते बावीस यार्डांवर उभे आहेत. तुम्ही हाक मारा."

"ते होणार नाही."

"मग मलाही जमणार नाही. मी पंच आहे, पोस्टमन नाही."

पाच चेंडू कुलपाने नाकासमोर अडवले. सहावा त्याने हळूच कव्हरकडे ढकलला आणि पळत सुटला. बरोबरच होतं त्याचं. एक धाव काढली की पुढच्या षटकात पुन्हा तोच समोर आला असता आणि भिरभिऱ्यावर वेळ आली नसती. पण हाक द्यायची म्हणजे बोलायला लागणार. तो न बोलताच पळाला. भिरभिरं न बघताच उभं. कुलूप माझ्याजवळ पोचलं तेव्हा एका टोकाला दोन फलंदाज आणि दुसरं टोक मोकळं, असा देखावा झाला.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दोन वर्षांत बहुधा पहिल्यांदाच.

कव्हरवाल्याने चेंडू यष्टिरक्षकाकडे फेकला. हा कीपर सकाळपासून अखंड बोलत होता, म्हणून आम्ही पंच मंडळी त्याला आपसांत रेडिओ म्हणायचो. रेडिओला एवढा आनंद झाला की चेंडू हातात यायच्या आधीच त्याने यष्ट्या उधळून दिल्या. रिकाम्या हातांनी! चेंडू त्याच्या पायांमधून मागे निघून गेला. तो परत आणून, यष्टी उपटेपर्यंत कुलूप जिवाच्या आकांताने मागे पळालं आणि तोंडावर पडून आत पोचलं. माझा सहकारी पंच स्क्वेअर लेगवरून मान हलवत म्हणाला, नाबाद.

षटक संपलं. मी कुलपाला गाठलं. त्याच्या हनुवटीला माती लागली होती.

"हे बघा, तुमच्या घरातलं मला काही माहिती नाही. पण तुम्हाला बोलावं लागेल."

"त्याला सांगा," कुलूप दम खात म्हणालं, "की पाय पुढे टाक. बाकी काही करू नकोस. नुसता पाय पुढे."

"तुम्हीच सांगा ना!"

"दोन वर्षं नाही बोललो, आता एका पायासाठी बोलू?"

मी स्क्वेअर लेगकडे चालू लागलो.

पण रेडिओने ते ऐकलं होतं. आता भिरभिरं खेळायला उभं राहिलं आणि रेडिओ त्याच्या मागे बसला. मी स्क्वेअर लेगला उभा, तरी त्याचा आवाज मला स्पष्ट येत होता.

"तुझ्यासाठी निरोप आहे तुझ्या साडूचा. म्हणाला, घाबरू नकोस, सरळ उचलून मार."

"असं म्हणाले?"

"अगदी असंच."

भिरभिऱ्याने क्षणभर विचार केला. "मग मी नाही मारणार," तो म्हणाला आणि पाय पुढे टाकून चेंडू मेल्यासारखा अडवला.

दोन षटकांनंतर रेडिओने दुसरी युक्ती काढली. "साडू म्हणतो, अडवत राहा."

"तू मघाशी मार म्हणालास, आता अडव म्हणतोस. तुझी बॅटरी बदल," भिरभिरं म्हणालं, आणि मनात आलं म्हणून पुन्हा अडवलं. मी रुमालाने तोंड पुसण्याचं निमित्त केलं. पंचाने हसायचं नसतं.

असं करत करत षटकं सरली. कुलूप आपल्या षटकात खेळायचं, भिरभिरं आपल्या. एकेरी धाव घेणं दोघांनीही सोडून दिलं, कारण त्यात जीव जायची भीती होती. मला मात्र एक गोष्ट दिसायला लागली. भिरभिरं रागात होतं. दर षटकानंतर कुलूप त्याच्या बाजूने काही न बोलता निघून जायचं, की याच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. आणि रागावलेलं भिरभिरं बॅट फिरवत नव्हतं. दात आवळून, कोपर ताठ करून, नुसतं अडवत होतं. वीस चेंडू झाले. तीस झाले. त्याच्या आयुष्यातला हा सगळ्यात लांब डाव होता.

नऊ षटकं उरली असताना तो चेंडू आला. खड्ड्यात पडला, उसळला आणि कुलपाच्या कोपरावर आदळला. भिरभिरं माझ्या शेजारून चार पावलं पुढे गेलं, माणूसच आहे शेवटी, आणि मग थबकलं.

षटक संपल्यावर कुलूप कोपर चोळत खेळपट्टीच्या मध्यावर आलं. "विचारलंस तरी असतंस, लागलं का म्हणून," ते जमिनीकडे बघत म्हणालं.

दोन वर्षांतलं पहिलं वाक्य.

"तुम्हाला विचारलेलं लक्षात कुठे राहतं?" भिरभिरं फाडकन म्हणालं. "विचारून केलं तरी विचारलं नाही म्हणता!"

"काय विचारलंस तू मला? कधी?"

"शिडी!"

"शिडीचं नाव काढू नकोस!"

"काढणार! विचारून कापली मी शिडी!"

मी दोघांच्या मधे जाऊन उभा राहिलो. "मंडळी, खेळ चालू करायचाय." कुणी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"अकरा पायऱ्यांची शिडी होती माझी," कुलूप मला सांगायला लागलं, जणू मी न्यायाधीश. "याला दिली वापरायला. याने परत आणून भिंतीला लावून ठेवली. एक शब्द बोलला नाही. मी गच्चीवरची टाकी बघायला चढलो. दहा वर्षं चढतोय, पायऱ्या न बघता चढतो. दहावीवर पाय दिला, अकरावीवर द्यायला गेलो, तर अकरावी नाही! पंचसाहेब, अकरावी नाहीच! हवेत पाय!"

"अरे बाप रे," मी म्हणालो. निघून गेलं तोंडातून.

"घोटा मोडला. चार कसोट्या बाहेर. कप्तानपद गेलं ते गेलंच."

"माझ्या खोलीत ती मावत नव्हती," भिरभिरंही मलाच सांगायला लागलं. "मी माळा बांधत होतो. स्वतःच्या हाताने. शिडी फूटभर जास्त. मी रीतसर फोन करवला. घरातून सांगितलं, 'ते हो म्हणाले, काप म्हणाले.' आणि पडल्यावर हे सगळ्या घरासमोर काय म्हणाले माहितीये? म्हणे, न विचारता दुसऱ्याच्या वस्तूला करवत लावणारा माणूस. सासरेबुवांसमोर!"

"मी काप म्हणालो नाही!"

"म्हणालात!"

तेवढ्यात माझ्या कानातल्या यंत्रातून तिसऱ्या पंचाचा आवाज आला. तो वर काचेच्या खोलीत बसतो. माणूस गंभीर, पण आत्ता हसू दाबून त्याचा आवाज थरथरत होता. "ऐक, यष्टीतला माइक चालू आहे. हे सगळं प्रक्षेपणात जातंय. समालोचक गप्प बसलेत, त्यांनासुद्धा ऐकायचंय."

मी प्रेक्षकांकडे पाहिलं. ज्यांच्या कानात समालोचन ऐकायच्या वायरी होत्या ते हसत होते, आणि ज्यांच्या नव्हत्या त्यांना शेजारचे सांगत होते. हसण्याची लाट एका स्टँडमधून दुसऱ्या स्टँडमध्ये सरकत गेली. 'अकरावी नाहीच' असं कुणीतरी ओरडलं.

"माइक चालू आहे," मी दोघांना सांगितलं. दोघं एकदम गप्प झाले आणि आपापल्या टोकाला निघून गेले. कानापर्यंत लाल.

खेळाडूंच्या कुटुंबांसाठी ड्रेसिंग रूमच्या वर एक रांग राखून ठेवलेली असते. दोन्ही बहिणी तिथे बसल्या होत्या, आणि एकच वायर अर्धी अर्धी कानात घालून ऐकत होत्या, हे मला नंतर कळलं. शिडीचं प्रकरण सुरू झालं तशी धाकटीने थोरलीकडे पाहिलं, थोरलीने धाकटीकडे, आणि दोघी उठून जिन्याने खाली पळाल्या.

सात षटकं उरली होती तेव्हा पाहुण्यांचा राखीव कीपर हातमोज्यांचा जोड घेऊन धावत आला. पस्तिशी ओलांडलेला, टक्कल पडलेला, वर्षानुवर्षं पाणी आणि निरोप वाहून त्यात तरबेज झालेला गडी. चालू षटक संपेपर्यंत तो सीमारेषेवर थांबला आणि मग आत शिरला.

"शेवटच्या तासात पाणी नाही," मी हात आडवा करून म्हणालो.

"पाणी नाही साहेब, हातमोजे आहेत."

"कुणी मागितले?"

"मागितले नाहीत कुणी. पण त्यांच्यासोबत एक निरोप आहे, तो पोचला नाही तर मला जेवायला घालणार नाहीत असं दोन बायकांनी सांगितलंय."

कुलपाचे हातमोजे खरोखरच घामाने पिळून निघाले होते. मी म्हटलं, "अर्धा मिनिट."

तो दोघांना जवळ घेऊन पाठ केल्यासारखा म्हणाला, "थोरल्या वहिनींचा निरोप. शिडीचा फोन धाकटीने केला होता. मी उचलला. तुम्ही आंघोळीला गेला होतात. ती म्हणाली, शिडी थोडी कापायची आहे, भाऊजींना विचार. मी म्हटलं, काप, जुनी तर आहे, ते काय नाही म्हणणार. तुम्हाला सांगायचं राहून गेलं. आठवलं तेव्हा तुमचा पाय प्लास्टरात होता, आणि तुम्ही अशा काही शिव्या देत होतात की माझी हिंमत झाली नाही. मग धाकटीलाही गप्प राहायला सांगितलं. निरोप संपला. हे हातमोजे."

  सिली पॉइंटवरचा पोऱ्या हेल्मेटच्या जाळीतून डोळे विस्फारून बघत होता. रेडिओचाही आवाज बंद होता, हे त्या पाच दिवसांत पहिल्यांदाच घडलं.

"म्हणजे तुम्ही काप म्हणालाच नव्हतात," भिरभिरं म्हणालं.

"आणि तू विचारलं होतंस," कुलूप म्हणालं.

"विचारलं होतं."

"दोन वर्षं, आं? दोघी बहिणी मूग गिळून बसल्या दोन वर्षं!"

आणि भिरभिरं हसायला लागलं. आधी हळू, मग पोट धरून. कुलपाच्या खांद्यावर हात टाकून ते म्हणालं, "साडूभाऊ, अहो साडूभाऊ!" त्याच्या चेहऱ्यावरून सगळा राग धुऊन निघाल्यासारखा गेला. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. राखीव कीपर डोळे पुसत परत गेला.

पण कुलपाच्या चेहऱ्यावर मला वेगळंच काहीतरी दिसलं. तो भिरभिऱ्याच्या हाताकडे बघत होता. भिरभिरं आनंदात बॅट गरगर फिरवत आपल्या जागी चाललं होतं.

सहा षटकं उरली होती. माझ्या सहकाऱ्याच्या टोकाकडून ऑफस्पिनरने चेंडू टाकला, भिरभिऱ्याने नाचत पुढे येऊन तो आभाळात भिरकावला. सरळ वर. सगळं मैदान माना वर करून उभं राहिलं. चेंडूखाली तिघं धावले, आणि तिघांनीही 'तुझा, तुझा' म्हणून एकमेकांकडे पाहिलं. चेंडू तिघांच्या मधोमध धप्पकन पडला. एवढ्यात या दोघांनी एक धाव काढली. या वेळी हाक देऊन, अगदी प्रेमाने, 'या साडूभाऊ, या!' म्हणत.

यजमानांच्या कप्तानाने टोपी जमिनीवर आपटली. मला मात्र कुलपाचा चेहरा दिसत होता. तो पांढराफटक पडला होता. उरलेले पाच चेंडू त्याने खेळून काढले, आणि त्या एका धावेमुळे पुढच्या षटकात पुन्हा भिरभिरंच समोर आलं. कुलूप माझ्या शेजारी येऊन उभं राहिलं.

"पंचसाहेब, तो खूश आहे," ते हळूच म्हणालं.

"हो, चांगलं झालं."

"चांगलं कसलं! खूश असला की तो मारतो. दोन वर्षं मी बघतोय, लांबून का होईना. रागात होता म्हणून टिकला आजवर." मग थोडा वेळ विचार करून म्हणालं, "मला जरा वाईट वागायला लागणार आहे. नियमात बसतं का?"

"चेंडू पडण्याआधी उरका," मी म्हणालो.

कुलपाने हाताचा कर्णा केला. "ए! तुझा तो माळा वाकडा आहे!"

भिरभिरं पवित्र्यातून सरळ उभं राहिलं. "काय?"

"माळा! वाकडा! एका बाजूला उतार आहे!"

"कोण म्हणतं?"

"सगळं घर म्हणतं! डबे ठेवले की घरंगळत कोपऱ्यात जमतात! सासरेबुवा त्याच्याखाली बसत नाहीत, खुर्ची सरकवून घेतात! तू कधी बघितलं नाहीस?"

भिरभिऱ्याचा चेहरा पुन्हा बदलला. बावीस यार्डांवरूनही त्याच्या कपाळाची शीर दिसली. तो माळा त्याने तीन आठवडे खपून, अंगठा दोनदा ठेचून बांधला होता. "षटक संपू द्या," तो म्हणाला, "मग बघतो तुम्हाला," आणि पुढचे सहाही चेंडू पाय पुढे टाकून असे अडवले की बॅटखालून धूळसुद्धा उडाली नाही.

षटकांच्या मधे तो मध्यावर आला. "पाणसळ लावून बांधलाय मी!"

"मग पाणसळ वाकडी असेल," कुलूप म्हणालं आणि निघून गेलं.

असं ते चाललं. कुलूप आपलं षटक खेळून काढायचं, आणि भिरभिऱ्याचं षटक आलं की माझ्या शेजारून काहीतरी बोलायचं. एकदा माळ्याचा रंग काढला. एकदा म्हणालं, सुतार बोलवला असता तर दोन दिवसांत झाला असता. माझ्या सहकाऱ्याने जवळून जाताना विचारलं, "समेट झाला ना यांचा?" मी म्हटलं, "झाला. म्हणून तर भांडतायत."

शेवटचं षटक माझ्या टोकाकडून होतं. भिरभिरं समोर. डावखुरा फिरकीपटू चेंडू हातात घोळवत उभा, फलंदाजाच्या भोवती आठ क्षेत्ररक्षक गुडघ्यात वाकून. भिरभिऱ्याला स्वतःची सावलीसुद्धा दिसत नसेल. मी सहाही बटणं डाव्या खिशात असल्याची दोनदा खात्री केली.

पहिला चेंडू बॅटच्या कडेला हुलकावणी देऊन गेला. रेडिओ कळवळला. दुसरा भिरभिऱ्याने अडवला. तिसरा बॅटच्या आतल्या कडेला लागून बुटावर आणि बुटावरून जमिनीवर, सिली पॉइंटच्या बोटांच्या अलीकडे.

चौथा थेट पॅडवर आदळला. अकराच्या अकरा जण माझ्याकडे वळून ओरडले. चाळीस हजार प्रेक्षकही ओरडले. मी चेंडू पडताना पाहिला होता. लेग यष्टीच्या बाहेर, अर्ध्या बोटाने बाहेर पडला होता. तेवढंच मला हवं होतं. मी नकारार्थी मान हलवली. यजमानांनी वर दाद मागायच्या संधी दुपारीच संपवल्या होत्या. त्यामुळे त्या अर्ध्या बोटाची जबाबदारी एकट्या माझ्यावर होती. मी चौथं बटण उजव्या खिशात टाकलं.

पाचवा चेंडू भिरभिऱ्याने अडवला, पण त्याला फिरकी होती. चेंडू जमिनीवर पडून हळूहळू मागे, यष्ट्यांकडे गडगडत निघाला. भिरभिरं समोर बघत उभं. त्याला पत्ताच नाही.

"पाय!" कुलूप माझ्या कानाजवळ किंचाळलं. "मागे! पाय!"

भिरभिऱ्याने वळून पाहिलं आणि चेंडू यष्टीला टेकायच्या चार बोटं आधी बुटाने बाजूला उडवला. यष्टी वाचवायला पाय चालतो. ते मात्र नियमात आहे.

शेवटचा चेंडू.   गोलंदाज आला, चेंडू उंच आला, खड्ड्याच्या अलीकडे पडला, वळला. भिरभिऱ्याने पाय पुढे टाकला, बॅट पायाला चिकटवली आणि चेंडू तिथेच, त्याच्या पुढ्यात, मेला.

मी बेल्स उचलल्या.

यजमान कप्तानाने सगळ्यात आधी भिरभिऱ्याशी हात मिळवला. मग दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरून म्हणाला, "तुझा माळा मला बघायचाय एकदा." रेडिओने कुलपाला मिठी मारली आणि मग मला म्हणाला, "पंचसाहेब, पाच दिवसांत तुम्ही काय ते चार शब्द बोललात, आणि त्यातलाही एक 'अरे बाप रे'."

भिरभिरं हेल्मेट खेळपट्टीवरच विसरून गेलं होतं. मी ते उचललं. सामना संपल्यावर पंचाने ड्रेसिंग रूममध्ये जायचं नसतं, पण हेल्मेट द्यायला तर कुणीतरी जायलाच हवं होतं.

दाराबाहेर दोन्ही बहिणी उभ्या होत्या. थोरलीच्या हातात अजून वायर. "आत खूप चिडलेत का हो?" तिने मला विचारलं. मी म्हटलं, "आत जाऊन बघतो आणि सांगतो." निरोप्याचं काम शेवटी चिकटलंच.

आत बाकीचा संघ दुसऱ्या टोकाला गाणी म्हणत होता. कुलूप कोपऱ्यातल्या बाकावर बसलं होतं, पॅडसकट. त्याचे दोन्ही हात मांडीवर होते, बोटं वाकलेली, बॅट धरल्यासारखी. साडेसहा तास मूठ आवळून ठेवल्यामुळे ती उघडतच नव्हती. भिरभिरं त्याच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसलं होतं. आधी त्याने कुलपाच्या पॅडचे पट्टे सोडवले, एकेक करून. मग त्याचा उजवा हात आपल्या हातात घेतला आणि करंगळीपासून सुरुवात केली.

"दुखतंय?"

"हळू."

"हळूच करतोय." करंगळी सरळ झाली. मग तिच्या शेजारचं बोट. "हात भाजल्यासारखे गरम झालेत तुमचे."

"तुझे कसे आहेत?"

"माझे ठीक आहेत. मी काय, दीड तास तर खेळलो."

"पंचावन्न चेंडू," कुलूप म्हणालं. "मी मोजले."

भिरभिऱ्याने मान वर केली नाही. ते अंगठ्यापाशी पोचलं होतं. मी हेल्मेट दाराशी बाकावर ठेवलं आणि बाहेर येऊन दोघी बहिणींना सांगितलं की आत्ताच नका जाऊ, अजून एक हात राहिलाय.